सांगरूणच्या संगमातली मुठा कोणती? छोट्या नदीचा उगम, फाटे आणि नाव कसे ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिमेला तीन धरणांतून तीन प्रवाह येतात आणि सांगरूणच्या परिसरात एक होतात. टेमघरकडून येणाऱ्या प्रवाहाला मुठा म्हणतात, पानशेतकडून येणाऱ्याला आंबी, वरसगावकडून येणाऱ्याला मोसी. पाणी मात्र पानशेत-वरसगावकडूनच जास्त येते. मग मुठा मुख्य आणि या दोघी उपनद्या हे कसे? मोसी, मोशी, मोसे यांतले नदीचे नाव कोणते? आणि गावच्या एखाद्या ओढ्याचा उगम, लांबी, नाव असेच ठरवायचे तर सुरुवात कुठून करायची?

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणू. सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरसोंडांमध्ये ही तीन लांब, अरुंद खोरी आहेत. उत्तरेला मुठेचे खोरे, मध्ये मोसीचे, दक्षिणेला आंबीचे. मोसी आणि आंबी यांच्यावरची वरसगाव आणि पानशेत ही धरणे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की खालून पाहणाऱ्याला एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन भिंती दिसतात. धरणांच्या लगेच खाली आंबी आणि मोसी एक होतात. हा एकत्र प्रवाह पुढे सांगरूणजवळ मुठेला उजव्या अंगाने मिळतो. तिथून खडकवासल्याच्या जलाशयाचे पाणी सुरू होते, आणि धरणापुढे पुण्याच्या संगमापर्यंत नाव एकच: मुठा. संगमावर मुळा भेटते, ती त्याआधी दापोडीला पवनेला घेऊन आलेली असते. पुढे दोघींचे जोडनाव होते, मुळा-मुठा, आणि ते रांजणगाव सांडसजवळ भीमेत संपते.

'उजव्या अंगाने' हा शब्द इथेच पक्का करून घ्यावा, कारण निम्म्या चुका त्यातून होतात. नदीचा उजवा-डावा काठ नेहमी पाणी वाहते त्या दिशेला तोंड करून ठरतो. तुम्ही कुठल्या काठावर उभे आहात याचा त्याच्याशी संबंध नाही. खडकवासल्यातून निघणारा कालवा 'मुठा उजवा कालवा' आहे, कारण पूर्वेला तोंड केले की तो दक्षिणेला, पर्वतीच्या अंगाला राहतो. गावात माहिती विचारताना मात्र 'उजवा' म्हणू नका. 'अलीकडचा काठ, पलीकडचा काठ' हेच बोलले जाते आणि ते बोलणाऱ्याच्या घरावर अवलंबून असते. म्हणून नोंदीत 'पलीकडे' आले की बोलणाऱ्याचे गाव शेजारी लिहायचे.

आता मूळ मुद्दा. कोणता फाटा मुख्य, याची कसोटी एक नाही. सर्वांत दूरच्या टोकापासूनची लांबी, पाणलोट क्षेत्र (म्हणजे जिथले पावसाचे पाणी त्या फाट्यात येते तो सगळा भाग), वाहणारे पाणी, संगमाच्या ठिकाणी कोणता प्रवाह सरळ पुढे जातो, आणि शेवटी लोकांनी कोणाचे नाव पुढे नेले, या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भूगोलात पहिल्या तीन मोजतात. नाव पाचवीने ठरते. या कसोट्या एकाच फाट्याकडे बोट दाखवतील असे समजून चाललो की गोंधळ होतो.

सांगरूणला हे फार स्वच्छ दिसते. धरणांची उपयुक्त साठवण अशी आहे: टेमघर ३.७१ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. म्हणजे आंबी-मोसीच्या अंगाला २३.४७ टीएमसी आणि मुठा म्हणवणाऱ्या अंगाला ३.७१, सहापटीहून जास्त फरक. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. आता साठवण म्हणजे नदीचे उत्पन्न नव्हे. भिंत किती उंच बांधली आणि दरी किती रुंद मिळाली यावर साठवण ठरते, त्यामुळे हा आकडा पुरावा म्हणून अर्धाच घ्यावा. तरीही अंदाज यायला तो पुरेसा आहे. नाव लहान फाट्याचे आणि पाणी मोठ्या फाट्यांचे, असा हा संगम आहे.

त्यात चूक काहीच नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिळते आणि नाव सोडते, वेण्णा माहुलीला सोडते. मुळा आणि मुठा दोघी आपापले नाव राखून जोडनाव घेतात. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की दोन्ही नावे थांबतात आणि प्राणहिता सुरू होते. प्रयाग चिखलीच्या पुढे कोल्हापूरची पंचगंगा सुरू होते. तिच्या वर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार दिसणाऱ्या नद्या, आणि पाचवी सरस्वती गुप्त मानलेली. भीमा तर पंढरपूरला तेवढ्या पट्ट्यापुरती चंद्रभागा होते आणि पुढे पुन्हा भीमा. म्हणजे आपल्याकडे नाव हे बऱ्याचदा नदीच्या एका तुकड्याचे असते, अख्ख्या रेषेचे नसते. नकाशा करणाऱ्याला पूर्ण रेषेला एकच नाव हवे असते, काठावरच्या माणसाला तशी गरज कधी पडलेली नाही. म्हणून 'खरी मुठा कोणती' याचे उत्तर 'जिला लोक मुठा म्हणतात ती' एवढेच आहे, आणि 'मुठेच्या खोऱ्यातला सर्वांत मोठा फाटा कोणता' याचे उत्तर मोजून काढायचे आहे. अहवालात दोन्ही लिहावीत, दोन वेगळ्या वाक्यांत.

मोजायचे कसे ते आता. सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. संकेतस्थळावर नोंदणी केली की ते पीडीएफ स्वरूपात मिळतात. पत्रक शोधायची रीत सोपी आहे. जुन्या क्रमांकात एका अंशाच्या चौकोनाचे १६ भाग असतात, प्रत्येक १५ मिनिटांचा. क्रमांक वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली जातात, एक उभी ओळ संपली की पूर्वेची पुढची ओळ. १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश हा चौकोन '४७ एफ'. त्यातले ११ क्रमांकाचे पत्रक सांगरूण आणि तिन्ही धरणांसाठी, ७ खोऱ्यांच्या वरच्या टोकांसाठी, १५ खडकवासल्यासाठी आणि पुणे शहर १४ मध्ये. नवीन पत्रकांचे क्रमांक वेगळे आहेत, पण जुन्या अहवालांत हेच सापडतील, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

नकाशावर पाणलोटाची रेषा संगमापासून काढायला घ्यावी, उगमापासून नव्हे. संगमाच्या बिंदूवरून डोंगरसोंडेवर चढा आणि समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदत धारेधारेने पुढे जा. समोच्च रेषेचे टोक चढाच्या दिशेने वळलेले असेल तर तिथे ओघळ आहे, उताराच्या दिशेने असेल तर सोंड. तुमची रेषा संगम सोडून कुठेही पाण्याच्या रेषेला छेदता कामा नये. छेदली तर मागे जाऊन चूक शोधा, ती बहुधा सपाट खिंडीत असते. या पत्रकांवर समोच्च रेषा २० मीटर अंतराच्या असतात, म्हणून १५ मीटर उंचीचा उंचवटा दोन रेषांमध्ये बेमालूम दडू शकतो. अशी खिंड प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही.

खिंडीचे महत्त्व कळायला याच खोऱ्याच्या दक्षिणेचा पाबे घाट पाहा. घाटाच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब मुठेत येतो, मुळा-मुठेतून भीमेला जातो. दक्षिण उतारावरचा थेंब वेल्ह्याकडे कानंदीत, तिथून गुंजवणीत, नीरेत, आणि नीरा नरसिंहपूरला तोही भीमेतच. दोन पावलांच्या अंतरावर वेगळे झालेले पाणी एवढा वळसा घेऊन पुन्हा एकाच नदीत भेटते. पश्चिमेच्या धारेवर मात्र हे होत नाही. तिथे पलीकडे गेलेले पाणी कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते, अलीकडचे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला. म्हणून पश्चिमेच्या धारेवरची चूक केवळ क्षेत्रफळाची राहत नाही, खोरेच चुकते.

क्षेत्रफळासाठी संगणक नसला तरी अडत नाही. बटर पेपरवर २ सेंटिमीटरचे चौकोन आखले तर १:५०,००० वर प्रत्येक चौकोन १ चौरस किलोमीटर होतो. पूर्ण चौकोन मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेला एक धरा, कमी भरलेला सोडा. ५० चौरस किलोमीटरपेक्षा मोठ्या पाणलोटात एवढ्याने काम भागते. लांबी मोजताना दोरा वापरतात. दोरा ओला करून नागमोडीवर बसवला नाही तर वळणे कापली जातात आणि लांबी कमी भरते. दोनदा मोजून सरासरी घ्या आणि कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून मोजली हे लिहाच. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात जास्त वळणे दिसतात, म्हणून तीच नदी तिथे लांब भरते. दोन पुस्तकांत एकाच नदीच्या दोन लांब्या असण्याचे सर्वांत साधे कारण हे आहे.

उपग्रहाच्या उंचीमाहितीवरून क्यूजीआयएससारख्या, नकाशे हाताळणाऱ्या संगणकप्रणालीत हेच काम अर्ध्या तासात होते. ही माहिती चौकोनी घरांत येते, प्रत्येक घराला एक उंची. ३० मीटरच्या माहितीत एक घर ९०० चौरस मीटरचे, म्हणजे १ चौरस किलोमीटरला साधारण १,१११ घरे. किती घरांचे पाणी एकत्र आले की प्रवाह दाखवायचा, हा उंबरठा तुम्हीच देता. १०० घरे दिली तर प्रत्येक घळ नदी होते, ५,००० दिली तर ओढे गायब होतात. आधी १,००० वर चालवा आणि सर्वे ऑफ इंडियाच्या रेषांशी ताडून वर-खाली करा. प्रवाहांना श्रेणी देताना हीच काळजी घ्यायची. पहिल्या श्रेणीचे दोन मिळून दुसरी, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळून तिसरी, हा नियम ठीक आहे, पण सगळ्यांत वरचे ओघळ किती धरले यावर खालची सगळी श्रेणी बदलते. 'आमची नदी चौथ्या श्रेणीची' या वाक्याला नकाशाच्या प्रमाणाशिवाय अर्थ नाही.

आणि या तीन खोऱ्यांत संगणक एका ठिकाणी हमखास फसतो: जलाशयात. उपग्रहाला पाण्याचा सपाट पृष्ठभाग दिसतो, त्याखालचे पात्र दिसत नाही. मग प्रणाली जलाशयाच्या मधून पट्टीने आखल्यासारख्या सरळ, समांतर रेषा ओढते. धरणाची भिंत, रस्त्याचा भराव आणि पूल हेही तिला बांध वाटतात आणि प्रवाह भलत्याच खिंडीतून बाहेर काढला जातो. यावर उपाय दोन. भराव असेल तिथे माहितीत हाताने वाट कोरून द्यायची. जलाशयात मात्र संगणकाची रेषा टाकून द्यायची आणि धरणाआधीचे एक इंचाला एक मैल प्रमाणाचे नकाशे काढायचे. त्यांत आंबी आणि मोसीची जुनी पात्रे, आज बुडालेली गावठाणे, पायवाटा आणि उतार दाखवलेले असतात. नदीचा तो तुकडा आता फक्त तिथे आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरला आहे.

वाहते पाणी मोजायचे असेल तर तरंगत्या वस्तूची पद्धत पुरते. पात्र सरळ असेल अशी २० मीटरची जागा निवडा. रुंदी मोजा, दर मीटरला काठीने खोली घेऊन सरासरी काढा. संत्रे किंवा अर्धी भरलेली छोटी बाटली प्रवाहाच्या मध्यात सोडून २० मीटरला किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजा. वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जाते म्हणून वेगाला ०.८५ ने गुणा. समजा रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, वेळ २५ सेकंद. छेद २.४ चौरस मीटर, वरचा वेग सेकंदाला ०.८ मीटर, गुणाकार करून ०.८५ लावले की सेकंदाला सुमारे १.६३ घनमीटर, म्हणजे साधारण ५८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). नारळ वापरू नका, उथळ पाण्यात तो तळाला घासतो. वाऱ्याच्या दिवशी थर्मोकोल तर मुळीच नको.

पण धरणाखाली असे मोजून नदीबद्दल काही कळत नाही, कळते ते दरवाजे किती उघडले आहेत हे. सांगरूणला तिन्ही फाट्यांवर धरणे आहेत, म्हणून तिथली मोजणी फाट्यांच्या तुलनेसाठी निरुपयोगी आहे. खडकवासला भरलेले असेल तेव्हा त्याचा फुगवटा मागे येतो आणि संगमाची जागाच पाण्याखाली सरकते, हे वेगळे. आणि विसर्गाचा इशारा असेल तेव्हा पात्रात पाय घालायचा नाही. पाणी वाढण्याआधी आवाज येईल या भरवशावर राहू नये.

उगमाबद्दल. 'उगम' या एका शब्दात तीन जागा मिसळलेल्या असतात. एक पूजेचा उगम: कुंड, गोमुख, देऊळ. दुसरा बारमाही झरा. तिसरा मुखापासून सर्वांत लांबचा ओघळ, जो पावसाळा संपला की कोरडा. कृष्णेचे महाबळेश्वरचे गोमुख पहिल्या प्रकारचे आहे, आणि ते चुकीचे आहे असे म्हणण्याचा उद्धटपणा करू नये. तो उगम श्रद्धेने ठरलेला आहे आणि शेकडो वर्षे टिकलेला आहे. अहवालात तिन्ही जागा वेगळ्या नोंदवा. झऱ्याची नोंद एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात घ्यावी. नोव्हेंबरमध्ये घाटमाथ्यावर सगळेच झरे बारमाही वाटतात. बेसाल्टच्या डोंगरात दोन थरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्यावर पाणी अडते आणि बाजूला फुटते, म्हणून एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात. एक झरा सापडला की त्याच पातळीवर दोन्ही बाजूंना चालत जा. जीपीएसचे अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत लिहा, तेवढे साधारण एक मीटरपर्यंत जाते. अरुंद घळीत उपकरणच ५ ते १० मीटर चुकते, तेव्हा त्याहून जास्त स्थळे लिहिण्यात अर्थ नाही. उंचीसाठी मोबाईलवर विश्वास ठेवू नका, नकाशाची समोच्च रेषा वाचा.

आता नावाकडे. मोसी, मोसे, मोशी यांचा गुंता सोडवायला मावळांची नावे शेजारी मांडावीत. पवना नदीचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, कानंदीचे कानंद खोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे, गुंजवणीचे गुंजण मावळ, मुठेचे मुठे खोरे. म्हणजे खोऱ्याचे नाव नदीवरून येते, पण नदीच्याच रूपात येत नाही. कधी शेवटची 'ई' गळते, कधी सामान्यरूप चिकटते. 'मुठे खोरे' वाचून नदीचे नाव 'मुठे' आहे असे आपण म्हणत नाही. तोच न्याय इथे लावावा. मोसे खोरे हे खोऱ्याचे नाव, मोसे बुद्रुक हे गावाचे, आणि नदी मोसी. खोऱ्याचे नाव जुने आणि मोठ्या अभिमानाचे आहे. शिवकाळातले बाजी पासलकर याच मोसे खोऱ्याचे देशमुख, म्हणूनच वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. 'मोशी' मात्र टाळावे. ते इंद्रायणीकाठच्या गावाचे नाव म्हणून पुणेकरांच्या डोक्यात पक्के आहे, आणि नदीला तेच लिहिले की शोधणारा भलत्या दिशेला जातो. हा घोटाळा बहुधा रोमन लिपीतून परत मराठीत येताना होतो. तिथे ठ आणि थ, ळ आणि ल यांचा फरक पुसलेला असतो, सी आणि शी यांचाही कधी कधी. मुळा नदी 'मुला' होऊन छापली जाते ती याच वाटेने.

याच ओघात एक आग्रह. 'मुठाचे पाणी' लिहू नये. नीरेचे, भीमेचे, तसे मुठेचे. 'मुठा नदीचे' हेही चालेल. नाव वाक्यात मराठीसारखे वळले नाही तर ते हळूहळू परके होते.

आंबी या नावावर 'आंब्यावरून आले' असा झटपट अर्थ लावला जातो. नावाच्या ध्वनीवरून अर्थ सांगणे सोपे आणि बहुतेक वेळा निराधार असते. जुन्या कागदांत ते नाव कसे लिहिले आहे, शेजारच्या खोऱ्यांत तसे दुसरे नाव आहे का, हे पाहिल्याशिवाय व्युत्पत्ती लिहू नये. मुळा आणि मुठा या तपोभंगासाठी पाठवलेल्या आणि शापाने नद्या झालेल्या अप्सरा, ही भीमामाहात्म्यातली कथा जरूर नोंदवा. ती शब्दाचा अर्थ सांगत नाही, पण ही दोन नावे जोडीने घेण्याची रीत धार्मिक परंपरेत मुरलेली आहे हे सांगते, आणि तो वेगळ्या प्रकारचा पुरावा आहे. काही नावांत मात्र पाणी उघड दिसते. मोसे खोऱ्याच्या वरच्या टोकाचे धामणओहोळ घ्या, ओहोळ गावाच्या नावातच आहे. अशी नावे आधी गोळा करावीत.

गावात नाव विचारण्याची एक पद्धत आहे आणि ती चुकली की हाती काही लागत नाही. 'या नदीचं नाव काय?' असे विचारले की उत्तर येते, 'नदी'. किंवा 'गंगा'. दोन्ही प्रामाणिक उत्तरे आहेत. गावाला एकच नदी असेल तर तिला नावाची गरज नसते. म्हणून प्रश्न कामाचा विचारा. बाजाराला जाताना कोणते पाणी ओलांडावे लागते? पूर आला की पाणी कुणीकडून चढते? गौरी कुठे बोळवता? जनावरे उन्हाळ्यात कुठे पाजता? मासे कुठल्या डोहात? डोहांची नावे सर्वांत टिकाऊ असतात आणि ती मासे धरणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे आणि गुराख्यांकडे पक्की मिळतात. वरच्या माळावरच्या गवळी धनगरांना ओघळांची अशी नावे माहीत असतात जी खालच्या गावात कोणी ऐकलेलीही नसतात. दोन्ही काठांवर किमान तीन-तीन माणसांना वेगवेगळे विचारा, एकत्र बसवून नव्हे. एकत्र बसले की सर्वांत वडील माणसाचे उत्तर सगळ्यांचे होते. लग्न होऊन आलेल्या वयस्क बाईला जरूर विचारा, ती माहेरचे नाव आणि सासरचे नाव असा फरक सहज सांगते.

उत्तर जसे कानावर पडले तसे देवनागरीत लिहा, प्रमाण करण्याच्या फंदात पडू नका. प्रवाहाचा प्रकारही त्यांच्याच शब्दात: ओघळ, ओहोळ, ओढा, नाला. कोकणात आणि गोव्यात हाच व्हाळ किंवा पऱ्ह्या असेल. ओढा आणि नदी यांच्यात लांबीची ठरावीक सीमा नाही, लोक म्हणतात ते धरावे.

कागदांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा पाहावा. त्यात ओढे-नाले असतात, नावे क्वचित, पण शीव कोणत्या पाण्याने ठरली ते कळते, आणि शिवेच्या पाण्याला दोन गावांत दोन नावे असण्याची शक्यता सर्वांत जास्त. सातबारावर ओढ्याचे नाव नसले म्हणून ओढा नाही असे होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांची पात्रे शासनाची, कोणाच्या खासगी मालकीची असल्याचे सिद्ध झालेले नसेल तर. मोडी वाचता येत असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात खोऱ्यांच्या नावांनी शोधा, नदीच्या नावाने नव्हे. जुना कारभार खोऱ्या-मावळांनुसार चाले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कागदावरून भरून निघत नाही. धरणाचे नाव नदीचे नाव गिळते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्यात जे पाणी शिरले ते मुख्यतः आंबीचे होते. पण त्या पुराला पुणेकर पानशेतचा पूर म्हणतात. रोजच्या बातमीत टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला हे चार शब्द येतात, आंबी आणि मोसी येत नाहीत. मोसे खोऱ्याच्या वरच्या भागाला बाहेरून येणारे लवासा म्हणतात. जलाशयाच्या तळाशी गेलेल्या डोहांची नावे सांगू शकणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत किंवा उरलेली नाहीत. म्हणून नावनोंदणीचे काम मोजणीच्या आधी करा. क्षेत्रफळ दहा वर्षांनीही तेवढेच भरेल.

नोंद करताना प्रत्येक प्रवाहाला एक ओळ ठेवा: मुख्य नाव, इतर नावे, कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत ते नाव चालते, कोणत्या काठाने कशाला मिळतो, नाव कोणत्या गावात कोणत्या महिन्यात ऐकले. एकाच नावाच्या नद्या अनेक असतात, म्हणून खोरे लिहिल्याशिवाय नाव लिहू नका. हरिश्चंद्रगडाकडून येऊन प्रवरेला मिळणारी अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा वेगळी, पुण्याची मुळा वेगळी. पूर्णा तर तापीलाही मिळते आणि गोदावरीलाही. आंबी-मोसीच्या संगमापासून सांगरूणपर्यंतच्या तुकड्याला एकच नाव देण्याचा हट्ट करू नये, 'आंबी-मोसी' असे जोडनाव लिहावे. मुळा-मुठेची रीत शेजारीच आहे.

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर, घालायचे असेल तर रेषा उगमाकडून मुखाकडे काढा. दिशा उलटी झाली तर प्रवाह डोंगर चढतो आणि पुढचे सगळे हिशेब बिघडतात. संगमावर दोन्ही रेषांचा बिंदू एकच असला पाहिजे, नुसता जवळ असून चालत नाही. मराठी नाव मराठीच्या रकान्यात, इतर नावे पर्यायी नावांच्या रकान्यात. जलाशयातून जाणारा नदीचा तुकडा पुसू नका, धरणाच्या भिंतीपर्यंत रेषा सलग ठेवा आणि तिच्यावर नाव ठेवा: पानशेतच्या पाण्यावर आंबी, वरसगावच्या पाण्यावर मोसी.